साथीच्या वाङ्मयातले बंद दुकान

टाळेबंदीच्या दिवसांवर गेल्या काही वर्षांत दिवाळी अंकांतून पुष्कळ लिहिले गेले. कथा आल्या, कविता आल्या, रोजनिशीची पाने आली. प्रवास बंद असल्यामुळे प्रवासवर्णनाच्या जागी गच्चीवरच्या फेऱ्यांची वर्णनेही आली. हाताशी आले तेवढे मी वाचले. वाचता वाचता एक गोष्ट हळूहळू ध्यानात येत गेली. यातल्या बहुतेक लेखनात कुठे ना कुठे एक बंद दुकान असते. निर्मनुष्य रस्ता, तारेवरची पाखरे, धूर नसलेले आकाश आणि खाली ओढलेल्या शटरांची रांग. लेखकाची नजर त्या रांगेवरून एकदा फिरते आणि मग तो आपल्या दिवाणखान्यात परत येतो. पुढची सगळी गोष्ट घरात घडते. नवराबायकोचे बोलणे, म्हाताऱ्या आईचे औषध, परदेशातल्या मुलाचा फोन. दुकान मात्र नाटकाच्या पडद्यावर रंगवलेल्या झाडासारखे मागे उभे राहते. गोष्टीला त्याच्याकडून काहीच नको असते.

या लेखनाबद्दल माझी मुख्य तक्रार हीच आहे, आणि ती मी येथे जरा सविस्तर मांडणार आहे. सणासुदीच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. पण दिवाळीइतका दुकानाचा सण दुसरा कोणता आहे? लक्ष्मीपूजनाला आपण वही पुजतो. त्या वहीत २०२० साली काय लिहिले गेले आणि काय लिहायचे राहून गेले, हे पाहायला याहून चांगला मुहूर्त मला सुचत नाही.

आधीच सांगून टाकते, मी डॉक्टर नाही. शाळेत शिकवते, कादंबऱ्या लिहिते, आणि माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपुढे गेलेले नाही. राहते नाशिकला, द्वारका भागात. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता जिथे एकमेकांना भेटतात, ती ही चौफुली. नाव श्रीकृष्णाच्या नगरीचे, पण येथे राज्य चालते ते चाकाचे. ट्रक, बसगाड्या, रिक्षा. त्यांची दुरुस्ती करणारी वडाळा नाक्याकडची गॅरेजे. मालवाहतुकीच्या कचेऱ्या, पंक्चर काढणारे, चहाच्या टपऱ्या, खाणावळी. अशा जागी राहणाऱ्या माणसाने ‘सर्व दुकाने बंद’ एवढे शब्द वाचले, तर त्याच्या डोळ्यांपुढे शटर येत नाही. शटर उघडणारी माणसे येतात.

दुकाने बंद करण्याचा हुकूम लोकांच्या आरोग्यासाठी निघाला होता. म्हणजे ते एक औषध होते. औषध म्हटले की आपण वैद्याला तीन गोष्टी विचारतो. गुण किती येईल? अपाय काय होईल? मात्रा किती आणि केव्हा घ्यायची? बंद दुकानाबद्दल हे तीन प्रश्न साथीवर लिहिणाऱ्या लेखकांनी विचारले का, या कसोटीवर मी काही जुनी-नवी पुस्तके पुन्हा उघडली.

आपल्याकडे साथ म्हटली की आजही प्लेगच आठवतो. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी तो प्रथम ओळखला. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. हाच कायदा महाराष्ट्र सरकारने मार्च २०२० मध्ये पुन्हा बाहेर काढला. १० मार्च १८९७ रोजी, प्लेगच्या रुग्णांची सेवा करता करता, सावित्रीबाई फुले पुण्यात वारल्या. २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्याच तारखेचे नाव घेऊन १९७९ साली एक मराठी चित्रपटही निघाला. प्लेगची आपली आठवण ही अशी आहे : घरात शिरणारे सोजीर, देवघराची विटंबना, बायकामाणसांची अप्रतिष्ठा आणि त्या अपमानाचा सूड. हे खरे आहे आणि ते विसरू नये. पण या आठवणीत सगळा प्लेग उंबरठ्यावर घडतो.

नाशिकच्या आसमंतातली उदाहरणेही तशीच. १८९९ साली भगूरला सावरकरांचे वडील प्लेगने गेले आणि पोरक्या भावंडांना नाशिकचा आसरा घ्यावा लागला. लक्ष्मीबाई टिळक नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्येही प्लेगचे दिवस येतात. घर कसे हलते, माणूस माणसाला कसा पारखा होतो नि कसा जवळही येतो, हे असल्या आठवणींतून आपल्याला कळते. पेठेतल्या वाण्याचे, कासाराचे, शिंप्याचे त्या दिवसांत काय झाले, हे मात्र कळत नाही. ज्यांना लिहिता येत होते त्यांनी आपल्या घरचे लिहिले; आणि त्यांच्या घरचा चरितार्थ बहुधा दुकानावर चालत नव्हता.

मुंबईत तर याहून मोठी गोष्ट घडत होती. गिरण्या बंद करा असे सरकारने म्हटले नव्हते. गिरण्या चालू होत्या आणि कामगारच गावची वाट धरत होते. लाखो माणसे शहर सोडून गेली. उरलेल्यांना टिकवून धरण्यासाठी मालकांना महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज मजुरी हातावर ठेवावी लागली. २०२० मध्ये याच्या नेमके उलट झाले : काम थांबले म्हणून माणसे निघाली. एकदा रोगाच्या भयाने, एकदा उपाशी राहण्याच्या भयाने. वाट मात्र तीच, कसाऱ्याच्या घाटातली. या दोन प्रवासांना शेजारी शेजारी ठेवणारी मराठी कादंबरी माझ्या वाचनात आलेली नाही.

आता एक परकी वही उघडू. डॅनियल डिफो हा आपल्याला ‘रॉबिन्सन क्रूसो’मुळे ठाऊक आहे. १७२२ साली त्याने लंडनच्या १६६५ मधल्या प्लेगवर एक पुस्तक लिहिले. प्लेगच्या वेळी तो पाचएक वर्षांचा होता, म्हणजे लिहिले ते ऐकीव गोष्टी आणि कागदपत्रे जमवून. पण त्याने एक फार शहाणपणाचे काम केले : गोष्ट सांगायला त्याने ना वैद्य निवडला ना पाद्री, खोगिरे विकणारा एक व्यापारी निवडला. या माणसापुढे पहिल्याच पानांत पेच उभा राहतो. भाऊ म्हणतो, शहर सोड. याचे मन अडते ते दुकानात, मालात आणि नोकरमाणसांत. जीव की धंदा, असा हा प्रश्न वरवर दिसतो. पण धंदा हाच ज्याचा जीव चालवतो त्याला तो इतक्या सोप्या शब्दांत मांडता येत नाही, हे डिफोला कळले होते.

दुकानदाराच्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे या पुस्तकाला ज्या गोष्टी दिसतात त्या दुसऱ्यांना दिसत नाहीत. खाटकाच्या दुकानात गिऱ्हाईक मांसाचा तुकडा स्वतःच आकड्यावरून काढून घेते, आणि खाटीक पैसे हातात न घेता व्हिनेगारच्या भांड्यात टाकायला लावतो. आपण नोटांना इस्त्री करीत होतो आणि दुधाच्या पिशव्या धूत होतो, त्याचा हा साडेतीनशे वर्षांपूर्वीचा अवतार. पुढे तो कामधंदा बुडालेल्यांची यादीच देतो : कारखान्यांतले कारागीर, जकातीवर आणि गोदीत पोट भरणारे, घरे बांधणारे, खलाशी, आणि मालकांनी काढून टाकलेल्या मोलकरणी. कोण कशाने बेकार झाला, हे तो नीट वेगवेगळे सांगतो. भट्ट्या चालू ठेवण्याची सक्ती पाववाल्यांवर होती आणि पावाचा भाव फारसा चढला नाही, हेही तो नोंदवतो. शहरात दंगा का झाला नाही, याचे उत्तर त्याला तिथे आणि दानधर्माच्या पैशात सापडते.

आणि मग तो सगळ्यांत कडवट गोष्ट सांगतो. बेकार झालेले गरीब लोक शेवटी रोगाच्याच चाकरीला लागले. बंद घरांवर पहारा करणे, रोग्यांची शुश्रूषा करणे, प्रेतांच्या गाड्या ओढणे. त्यांतले पुष्कळ मेले. म्हणजे दुकान बंद झाल्याने माणूस घरात सुरक्षित बसला असे झाले नाही. एका कामातून सुटून तो त्याहून धोक्याच्या कामावर गेला. आरोग्याच्या दृष्टीने दुकानबंदीचा हा पहिला अपाय, आणि तो १७२२ साली लिहून ठेवलेला आहे. आपल्याकडे २०२० मध्ये रिक्षा उभी राहिली, सलून बंद झाले, तेव्हा कितीजणांनी भाजीची हातगाडी धरली आणि दिवसभर शंभर दारांपुढे उभे राहिले, ते आठवावे.

आल्बेर कामूची ‘प्लेग’ ही कादंबरी १९४७ सालची. टाळेबंदीत तिचे नाव सगळ्यांच्या तोंडी होते. मोठीच कादंबरी आहे. माणसाने संकटात कसे वागावे, हा तिचा प्रश्न आहे आणि तो ती कुठेही पातळ होऊ देत नाही. ओरान शहराचा व्यापार मेला, गरिबी भीतीपेक्षा वरचढ ठरली आणि जोखमीच्या कामांना माणसे मिळत राहिली, हे कामूही सांगतो. पण ओझरते सांगतो. त्याची माणसे म्हणजे डॉक्टर, पत्रकार, पाद्री, कारकून. ज्याचा धंदा संकटात फळाला येतो तो कोतार, म्हणजे काळाबाजारवाला. प्रामाणिक दुकानदाराला त्या पुस्तकात जागा नाही. त्यामुळे बंदीचा भार तिथे विरहाच्या रूपाने येतो, भुकेच्या रूपाने फारसा येत नाही. आपल्या बऱ्याच लेखकांनी टाळेबंदीकडे कामूच्या खिडकीतून पाहिले. डिफोच्या गल्ल्यामागे कोणी बसले नाही.

तिसरे नाव राजिंदर सिंह बेदी यांचे. ‘क्वारंटीन’ ही त्यांची उर्दू गोष्ट. प्लेगपेक्षा प्लेगच्या छावणीचीच लोकांना अधिक धास्ती वाटते आणि त्या धास्तीने माणसे आजार लपवतात, हे त्यांनी एका झाडूवाल्याच्या आधाराने दाखवले. उपायानेही माणूस दगावू शकतो, एवढे स्पष्टपणे फार थोड्यांनी लिहिले आहे. पण गोष्ट वाचून ‘मग उपायच नको’ असे जर कोणी म्हटले, तर ते बेदींवर अन्याय केल्यासारखे होईल. कारण त्यांचा नायक काम सोडून पळत नाही.

कारण औषधाला गुणही आहे, आणि तो नाकारणारे लेखन मला तितकेच उथळ वाटते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने २८ सप्टेंबर १९१८ रोजी युद्धकर्जासाठी प्रचंड मिरवणूक होऊ दिली. बंदीचा हुकूम काढला तो ३ ऑक्टोबरला, रुग्णालये भरू लागल्यावर. सेंट लुइस शहराने रुग्ण थोडे असतानाच शाळा, नाटकगृहे, सभा बंद केल्या. तिथला मृत्यूंचा वेग पुष्कळ कमी राहिला. पुढे नोव्हेंबरात बंधने सैल केली तेव्हा आजार उसळला आणि पुन्हा बंद करावे लागले. २००७ साली अभ्यासकांनी अशा ४३ शहरांचे हिशेब ताडून पाहिले, आणि लवकर केलेली, एकाहून अधिक प्रकारची व पुरेसे दिवस टिकवलेली बंदी उपयोगी पडते, असा निष्कर्ष काढला. आपल्याकडे त्याच वर्षी अशी बंदी जवळपास नव्हतीच. जूनमध्ये मुंबईत आलेला ताप शरद ऋतूत दुप्पट जोराने परतला, आणि त्याच साली पाऊस फसून धान्य महागलेले. हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे गेली. म्हणजे दुकाने उघडी असल्याने लोक वाचले, असेही झाले नाही. ताप आणि भूक एकाच घरात शिरली की दोघांत कोणी नेले, हे सांगता येत नाही.

ही पुस्तके आणि हे हिशेब मिटवून आता आपल्या गावात येऊ. २३ मार्च २०२० पासून महाराष्ट्रात आणि २५ मार्चपासून देशभर टाळे लागले. नाशिक जिल्ह्यातला पहिला रुग्ण त्यानंतर, मार्चच्या अखेरीस, निफाड तालुक्यात सापडला. म्हणजे आमच्या चौफुलीवरचा टपरीवाला जिल्ह्यात एकही नोंदलेला रुग्ण नसताना घरी बसला. हे वेळेपूर्वी झाले की वेळेवर? याचे उत्तर त्या मिळालेल्या वेळेचे आपण काय केले, यावर अवलंबून आहे. जानेवारी २०२० मध्ये ही तपासणी करू शकणारी देशात एकच प्रयोगशाळा होती, पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था. जूनच्या अखेरीस प्रयोगशाळांची संख्या हजारावर गेली. डॉक्टर-परिचारिकांचे संरक्षक पोशाख जे पूर्वी देशात जवळजवळ बनत नव्हते, ते रोज लाखांनी बनू लागले. पहिल्या लाटेचा कळस एप्रिलमध्ये न येता सप्टेंबरात आला. हा गुण जमेच्या बाजूला मोकळ्या मनाने लिहिला पाहिजे. ज्याने शटर ओढले त्याच्या पैशाने हा वेळ विकत घेतला गेला, हेही त्याच ओळीत लिहिले पाहिजे.

आता खर्चाची बाजू. चैत्रात नाशिकची द्राक्षे मळ्यांत तयार आणि बाजार बंद. बागाइतदारांनी पुष्कळ मालाचे बेदाणे केले. हे नुकसान पैशाचे, म्हणून तूर्त बाजूला ठेवू. माणसांचे पाहू. सातपूर-अंबडचे कारखाने थांबले. मुंबईकडून येणारी माणसे डोक्यावर बोचकी घेऊन आमच्या द्वारकेवरून धुळ्याच्या दिशेने चालत गेली. रस्त्यावर प्यायला पाणी द्यायचीही टपरी उघडी नव्हती. जे मिळाले ते वस्तीतल्या लोकांनी आणि संस्थांनी दिले. १ मे २०२० च्या रात्री नाशिक रोडहून भोपाळकडे मजुरांची पहिली गाडी सुटली, दुसऱ्या दिवशी लखनौची. पण ८ मे रोजी जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून चालत निघालेले १६ मजूर करमाडजवळ झोपेतच मालगाडीखाली सापडले. हे सोळा जण कोणत्या रोगाने गेले? साथीच्या नोंदीत ते नाहीत. आरोग्याचा खरा हिशेब मांडायचा तर त्यांची जागा कुठल्या रकान्यात, हे कोणीतरी ठरवायला हवे.

मालेगावचे उदाहरण याहून बोलके आहे. यंत्रमागांचे गाव, माग थांबले की घरातला रोज थांबतो. एप्रिल २०२० पासून तिथे साथ भडकली. त्याच दिवसांत कब्रस्तानांतली दफने कोरोनाच्या नोंदींपेक्षा कितीतरी अधिक वाढल्याच्या बातम्या आल्या, आणि कारणांमध्ये एक कारण वारंवार सांगितले गेले : गल्लीतले खासगी दवाखाने बंद होते. मधुमेहाचा, दम्याचा, हृदयाचा रोगी जिथे चाळीस-पन्नास रुपयांत औषध घेत होता ते दारच लागले. गल्लीतला दवाखाना हेही एक दुकानच आहे. तो कागदोपत्री बंदीतून वगळलेला होता. भीतीने बंद झाला. हुकमाची भाषा एक आणि गल्लीची समजूत दुसरी, हा तर कादंबरीकाराचा हक्काचा विषय.

देशाचे काही आकडे देते. ते रुक्ष आहेत, पण वहीत लागतात. २०१९ साली देशात क्षयाचे सुमारे २४ लाख रुग्ण नोंदले गेले, २०२० साली सुमारे १८ लाख. क्षय काही कमी झाला नाही. खोकणारा माणूस तपासणीला पोहोचला नाही. एकही लस न मिळालेली बालके २०१९ मध्ये अंदाजे १४ लाख होती, ती २०२० मध्ये ३० लाख झाली. उलट बाजूला, रस्त्यांवरच्या अपघातांत २०१९ साली १ लाख ५१ हजार माणसे गेली होती, २०२० साली १ लाख ३१ हजार. वाहने थांबल्याने वीस हजार जीव वाचले असे म्हणायला हरकत नाही. आणि धंदा करणाऱ्यांच्या आत्महत्या, सरकारी नोंदीप्रमाणे, २०१९ मध्ये ९,०५२ आणि २०२० मध्ये ११,७१६. या वाढीचा सगळा बोजा बंदीवर टाकता येणार नाही. साथ असती आणि बंदी नसती, तरी गिऱ्हाईक भीतीने घरीच बसले असते. पण ज्या दुकानाचे भाडे थकले, ज्याच्या उधारीची वही फिरली नाही, त्याच्या मनावर काय बेतले, हा आरोग्याचाच प्रश्न आहे. आपण मात्र त्याला अर्थकारण म्हणून दुसऱ्या पानावर ढकलले.

लेखकाने उचलावा आणि उचलला नाही, असा एक तपशील मला राहून राहून आठवतो. टाळेबंदी सुरू होताना सरकारने शिवभोजन थाळीची किंमत दहा रुपयांवरून पाच रुपये केली. ज्यांची खाणावळ बंद झाली, ज्यांच्या खोलीत चूल नव्हती, अशा कितीतरी एकट्या माणसांना त्या थाळीने तारले. एक वर्षाने, मार्च २०२१ च्या शेवटी, दुसरी लाट चढू लागली तेव्हा नाशिकच्या मुख्य बाजारपेठांना कठडे लागले. आत जायचे तर माणशी पाच रुपयांची पावती, मुदत एक तास. अधिक रेंगाळलात तर पाचशे रुपये दंड. बाजार पूर्ण बंद करण्यापेक्षा गर्दीलाच किंमत लावून पाहू, असा तो विचार होता. हसणारे हसले. मला तो प्रयत्न हसण्यासारखा वाटला नाही. बंद आणि उघडे यांच्या मध्येही काही असू शकते, मात्रा कमी-जास्त करता येते, असा विचार त्यामागे निदान होता. तो पुरा पडला नाही. एप्रिलमध्ये कडक निर्बंध आले आणि मे महिन्यात जिल्ह्याला पुन्हा दहाबारा दिवसांचे टाळे लागले. दरम्यान २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिक महापालिकेच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात प्राणवायूच्या टाकीला गळती लागून वीसहून अधिक रुग्ण दगावले होते. वर्षभरापूर्वी दुकानदारांनी विकत घेऊन दिलेल्या वेळेत काय उभे राहिले आणि काय कच्चे राहिले, हा प्रश्न त्या दिवशी साऱ्या गावापुढे होता. पाच रुपयांची थाळी आणि पाच रुपयांची पावती : या दोन नाण्यांत नाशिकची अख्खी टाळेबंदी आली. एखाद्या चांगल्या कथेला याहून अधिक काय लागते?

मग लेखक तिकडे का वळले नाहीत? मला वाटते, दोन तयार गोष्टी आयत्या हाताशी होत्या म्हणून. पहिली गोष्ट सांगते की घरात बसलो म्हणून वाचलो. त्यात घर हे मंदिर आणि बाजार हा राक्षस. दुसरी सांगते की रोगाने नव्हे, टाळ्याने मारले. त्यात सरकार हा राक्षस आणि रोग ही अफवा. पहिली गोष्ट महिन्याचा पगार बँकेत जमा होणाऱ्यांना पटते. मीही त्यांतलीच, म्हणून तिची गोडी मला कळते. दुसरी गोष्ट ज्याचे सर्वस्व गेले त्याला पटते, आणि त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण दोन्ही गोष्टींत वहीचे एकेकच पान आहे. जमेचे पान फाडून खर्च वाचणे किंवा खर्चाचे फाडून जमा वाचणे, हे वाण्याच्या पोराला कोणी शिकवत नाही.

वाण्याच्या पोरावरून आठवले. शाळा पुन्हा भरल्यावर मी मुलांना ‘टाळेबंदीतले दिवस’ असा निबंध दिला होता. बहुतेकांनी वर्तमानपत्री भाषेत निसर्गाने मोकळा श्वास घेतल्याचे लिहिले. एका मुलाचे वडील चौफुलीजवळ सायकली दुरुस्त करतात. त्याने दीड पान लिहिले. वडील रोज सकाळी दुकानापर्यंत जाऊन येत. दुकान उघडत नसत. पंप गंजू नये म्हणून त्यांनी तो घरी आणला. आजीची रक्तदाबाची गोळी आधी रोजची होती, मग एक दिवसाआड झाली. पुढे एका डॉक्टरच्या मुलाची सायकल दुरुस्तीला आली तेव्हा गोळी पुन्हा रोजची झाली. इतकेच. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. गुण देताना मी थांबले, कारण साथीवरच्या शंभर पानांत मला जे सापडले नव्हते ते या दीड पानात होते : दुकानाच्या कुलुपापासून आजीच्या रक्तदाबापर्यंत जाणारी सरळ रेघ. लोकांचे आरोग्य म्हणजे काय, हे त्या मुलाला कोणी सांगितलेले नव्हते. त्याने घरात जे पाहिले ते क्रमाने लिहिले.

तेव्हा माझे मागणे फार मोठे नाही. आपल्या कथाकारांनी दुकानाची फळी उचलून आत जावे. बंदी योग्य की अयोग्य, असला निवाडा त्यांच्याकडून मला नको. तो कथेत नेहमीच खोटा वाटतो. काय बंद केले, किती दिवस, त्या दिवसांत कोणी कोणाला जेवू घातले, कोणाची गोळी चुकली आणि कोणाचा जीव खरोखर वाचला, हे दोन्ही रकाने भरून लिहावे. कारण साथ पुन्हा येणार आहे. १८९६, १९१८, २०२० असे तिचे पाऊल आहे. पुढचे साल आपल्याला ठाऊक नाही. ती येईल तेव्हा हुकूम काढणाऱ्यांच्या मनात आकड्यांबरोबर एखादी गोष्टही असेलच. ती गोष्ट जर नुसत्या रिकाम्या रस्त्याची आणि पाखरांची असेल, तर शटर ओढताना त्यांचा हात मुळीच अडखळणार नाही. आणि ती नुसत्या संतापाची असेल, तर ओढायला हवे तेव्हाही तो उचलला जाणार नाही. सायकलवाल्याच्या घरची गोष्ट ज्याने वाचली आहे तो शटर ओढील, पण त्याआधी आतल्या माणसाला विचारील की घरात औषध किती दिवसांचे आहे, आणि ते संपेल त्या दिवसाची तजवीज करील.

या दिवाळीला वही पुजताना तुमच्या नेहमीच्या दुकानदाराला त्या वर्षाची जुनी वही दाखवायला सांगा. तो आधी हसेल, मग बहुधा दाखवील. वाङ्मयाची सामग्री तिथे पडून आहे. ती आणायला कोणीतरी पायरी चढायला हवी.